तरुण मनाचे नियोजन आणि समाजाची तरतूद

परीक्षांचे निकाल लागले की दोन-चार दिवस वर्तमानपत्रांत विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येतात. हळहळ व्यक्त होते, अभ्यासक्रमाला, पालकांना आणि अलीकडे मोबाईलला दोष दिला जातो, आणि प्रवेशाची धावपळ सुरू झाली की विषय मागे पडतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि राज्यांच्या यादीत आपल्या राज्याचा क्रमांक पहिला होता. शिक्षणप्रसाराचा एवढा मोठा वारसा सांगणाऱ्या राज्याला हा पहिला क्रमांक खचितच भूषणावह नाही.

परंतु या लेखाचा विषय मृत्यू हा नाही. या आकड्यांच्या मागे त्याहून कितीतरी मोठी संख्या अशा मुला-मुलींची आहे, की जी आजारी पडली, कोणाच्या तरी आधाराने डॉक्टरांपर्यंत पोचली, काही अंशी बरी झाली आणि पुन्हा वर्गात येऊन बसली. त्यांची बातमी होत नाही. हजेरीपटावर त्यांचे नाव असते, एवढ्यावर आपले समाधान होते. खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. जो एकदा खचला आणि उठला, त्याने पुन्हा खचू नये, आणि खचलाच तर लवकर सावरावा, यासाठी त्याने स्वतः काय करावे आणि आपण काय करावे?

बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने (निमहान्सने) २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मोठी पाहणी केली. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. तथापि तिचे निष्कर्ष आपल्याला लागू पडणार नाहीत असे मानण्यास आधार नाही. प्रौढांपैकी १०.६ टक्के आणि १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुले कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने त्रस्त असल्याचे तीत आढळले. उपचारांची गरज असूनही ते न मिळालेल्यांचे प्रमाण निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के होते. अमेरिकेतील एका गाजलेल्या अभ्यासाने २००५ मध्ये दाखवून दिले, की आयुष्यभरातील मानसिक विकारांपैकी निम्मे वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन-चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. शिक्षण, नोकरी आणि विवाह हे तिन्ही निर्णय ज्या दशकात व्हावयाचे, तेच दशक सर्वांत जोखमीचे ठरते. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर हेच आहे. मनुष्यबळ म्हणून आपण वर्गात ज्याची व्याख्या सांगतो, ते याच वयात घडते आणि याच वयात मोडते.

एका तालुक्यातील तीन तरुण

हा प्रश्न समजून घेण्यास मुळशी तालुक्याइतके योग्य उदाहरण क्वचितच सापडेल. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात या खोऱ्यातील भाताची शेते टाटांच्या धरणाखाली गेली. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालील १९२१ पासूनचा सत्याग्रह ती वाचवू शकला नाही. नव्वदीच्या दशकापासून तालुक्याच्या पूर्वेस हिंजवडीची संगणक-नगरी उभी राहिली, पिरंगुटच्या बाजूस कारखाने आले आणि लवळ्याच्या डोंगरावर खासगी विद्यापीठे बसली. आंबेमोहोराच्या वासाने ओळखला जाणारा तालुका गुंठ्याच्या भावाने ओळखला जाऊ लागला.

परिणामी आज या एकाच तालुक्यात तीन प्रकारचे तरुण राहतात. धरणाच्या काठच्या आणि ताम्हिणीकडच्या गावांतून एसटीने पौड-पिरंगुटला शिकायला येणारा पहिला. जमीन विकून आलेला पैसा संपल्यानंतर या घरांत काय उरते, हे २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने मांडले होते. देशाच्या दुसऱ्या टोकाहून येऊन, आई-वडिलांनी काढलेल्या कर्जाचे ओझे मनावर घेऊन लवळ्याच्या वसतिगृहात राहणारा दुसरा. आणि हिंजवडीत भाड्याच्या सदनिकेत तिघा-चौघांत राहून रात्रीच्या पाळीत काम करणारा तिसरा. या तिघांची भाषा, मिळकत आणि स्वप्ने वेगळी आहेत. संकटाच्या रात्री मात्र तिघेही सारखेच एकटे असतात. पहिल्याला बोलण्याची सोय नाही, कारण गावात गोष्ट लपत नाही. दुसऱ्याला आणि तिसऱ्याला बोलण्यास जवळचे माणूस नाही.

उपचारांची सोय किती आहे, तेही पाहावे. देशात एक लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. हे प्रमाण सुमारे ०.७५ इतके सांगितले जाते आणि निदान ३ असावे अशी अपेक्षा धरली जाते. जिल्हा रुग्णालय औंधला आहे. ताम्हिणीकडच्या मुलाला घरच्या माणसासह तेथे जाऊन यायचे म्हणजे दोघांचे भाडे, एकाची बुडालेली मजुरी आणि दुसऱ्याचे बुडालेले तास, असा हिशेब होतो. एवढे करून डॉक्टरांसमोर मिळतात ती दहा-पंधरा मिनिटे, तीही महिन्यातून एकदा. महिन्याचे बाकीचे दिवस रुग्ण आणि त्याचे मन यांची गाठ असते. त्या दिवसांसाठी औषधाच्या चिठ्ठीखेरीज हातात काही असावयास हवे की नको?

कल्पनेचा उगम

ही उणीव ज्यांनी प्रथम ओळखली ते तज्ज्ञ नव्हते, रुग्णच होते. अमेरिकेतील मेरी एलेन कोपलंड या बाईंनी स्वतः तीव्र नैराश्य आणि उन्माद यांचे झटके सोसले होते. डॉक्टरांकडे त्यांनी एकच चौकशी केली : अशा आजारातून गेलेली माणसे रोजचे जीवन कशी सांभाळतात? उत्तर मिळाले नाही, तेव्हा त्यांनी अशा माणसांनाच विचारण्यास सुरुवात केली. त्यातून १९९७ मध्ये व्हरमाँट राज्यात रुग्णांच्याच एका बैठकीत ‘स्वास्थ्य आणि पुनरुत्थानाचा कृति-आराखडा’ तयार झाला. आशा, स्वतःची जबाबदारी, आजाराचे ज्ञान, स्वतःच्या हक्कासाठी बोलणे आणि इतरांचा आधार ही त्याची पाच तत्त्वे होत.

आपल्याकडे नियोजन म्हटले की दिल्लीत बसून कोणी तरी आखलेली योजना डोळ्यांसमोर येते. पण पुण्याच्याच गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ १९६७ ते १९७१ या काळात नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते आणि नियोजन जिल्ह्याच्या पातळीवरून, तेथील साधनसामग्री आणि गरजा पाहून व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. ज्याला योजनेत जगावयाचे आहे त्याचा तिच्या आखणीत हात असावा, हे त्यामागील सूत्र. मनाच्या बाबतीत ते अधिकच खरे आहे. येथे जिल्हा म्हणजे एकच माणूस, आणि त्याच्या साधनसामग्रीची यादी त्याच्यावाचून दुसरे कोणी करू शकत नाही.

आराखडा म्हणजे काय?

समजा, धरणापलीकडच्या गावातील, वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षातील एक मुलगी गेल्या वर्षी नैराश्याने आजारी होती. औषधोपचाराने आता ती बरी आहे. तिने दोनशे पानी वही घ्यावी आणि बऱ्या दिवसांतच ती लिहावी. ही अट महत्त्वाची आहे. घराला आग लागल्यावर विहीर खोदता येत नाही. खचलेल्या मनाला पर्याय दिसत नाहीत. म्हणून ते दिसत असतात तेव्हाच लिहून ठेवावयाचे.

पहिल्या पानावर, मला कशाने बरे वाटते त्याची यादी : मैत्रिणीबरोबर डबा खाणे, विहिरीवर आजीशी बोलत बसणे, संध्याकाळी धरणाच्या रस्त्याने चालणे, ओव्या ऐकणे. ‘सकारात्मक विचार करणे’ असली वाक्ये येथे निरुपयोगी. करता येण्यासारख्या गोष्टीच हव्यात. दुसऱ्या पानावर, रोज केलेच पाहिजे ते : झोपेची वेळ, जेवण, औषध, कोणाशी तरी दोन शब्द. तिसऱ्या पानावर, मन बिघडविणारे प्रसंग : निकाल, पावसात एसटी बंद पडून घरी अडकणे, घरातील भांडण, स्थळ बघायला येणारी मंडळी. या प्रत्येकापुढे, तसे घडल्यास मी काय करीन, हे एका ओळीत.

चौथे पान सर्वांत मोलाचे. बिघाडाच्या आधीच्या खुणा त्यावर असतात, आणि त्या फक्त तिलाच ठाऊक असतात. रात्री दोनपर्यंत जागणे, केस न विंचरणे, ‘गाडी चुकली’ असे सांगून तास बुडविणे, मैत्रिणीच्या निरोपाला उत्तर न देणे. बाहेरच्याला हा आळस वाटतो. वहीत लिहिलेले असेल तर तिला आणि तिच्या मैत्रिणीला ती सूचना वाटते. पाचव्या पानावर परिस्थिती खरोखरच बिघडल्याच्या खुणा आणि त्या दिवशीच करावयाच्या गोष्टी. आपण नसलो तर घरच्यांचे बरे होईल, असा विचार आला तर तो त्याच दिवशी कोणाला तरी सांगावयाचा. कोणाला, त्यांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक क्रमाने. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक त्यांत असावाच; तेथे अहोरात्र आणि मराठीतही बोलता येते. घरातील धोक्याच्या वस्तू कोणी कुलपात ठेवावयाच्या, हेही तेथेच लिहावे.

सहावे पान इतरांसाठी असते. मी स्वतः निर्णय घेऊ शकत नसेन तेव्हा माझ्या वतीने कोणी बोलावे, कोणत्या डॉक्टरांकडे न्यावे, कोणते औषध मला सोसत नाही. आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे कोणाला बोलावू नये. अंगारा लावणाऱ्या देवऋषीकडे नेणारे काका या दुसऱ्या यादीत असू शकतात. शेवटचे पान परतीचे : संकट ओसरल्यावर महाविद्यालयात किती तास बसावयाचे, बुडालेला अभ्यास कसा भरून काढावयाचा, विचारणाऱ्याला काय आणि किती सांगावयाचे.

एवढेच. यात गूढ काही नाही. आपल्या खेड्यांतील बचत गट टिकले ते नेमलेल्या दिवशी बैठक, वहीत नोंद आणि ओळखीच्या माणसांचा शब्द या तीन गोष्टींवर. मनाच्या आराखड्यालाही त्याच तीन गोष्टी लागतात.

पुण्याचा अनुभव

ही कल्पना परकी म्हणून तिच्याकडे साशंकतेने पाहण्याचे कारण नाही. एकाच दुःखातून गेलेल्यांनी एकमेकांना सावरण्याचा प्रयोग आपल्याकडे पूर्वीच झाला आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू केले. व्यसनातून सुटलेली माणसेच तेथे पुढे समुपदेशक झाली, आणि घरी गेलेल्या रुग्णाचा पाठपुरावा हा उपचाराचाच भाग मानला गेला. कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या घरीच स्किझोफ्रेनियाचा अनुभव होता. त्यांनी १९९७ मध्ये पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ स्थापन केली. व्हरमाँटमध्ये रुग्णांची ती बैठक झाली तेही हेच वर्ष, हा योगायोग लक्षणीय आहे. रुग्णांच्या नातेवाइकांचे स्वमदत गट या संस्थेने चालविले, आणि वाणी यांच्याच पुढाकाराने २००४ मध्ये ‘देवराई’ हा चित्रपट निघाला. मुळशीच्या गावोगावी देवराया आहेत. त्या राखण्यासाठी पहारेकरी लागला नाही, कारण त्या गावाने आपल्या मानल्या. आजारी माणसाच्या बाबतीत गावाने तेवढे केले तरी पुष्कळ झाले.

तिसरे उदाहरण नाशिक जिल्ह्यातील. तेथील खेड्यांत २०१३ ते २०१५ या काळात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने ‘आत्मीयता’ हा प्रकल्प राबविला. गावातीलच विश्वासू स्त्री-पुरुषांना ऐकून घेण्याचे, धीर देण्याचे आणि गंभीर रुग्ण ओळखून रुग्णालयात पोचविण्याचे शिक्षण त्यात देण्यात आले. पुढे हा प्रयोग गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात नेण्यात आला. अर्थात शेजाऱ्याला शिकविता येते, हे सिद्ध झालेले आहे.

स्वावलंबनाची मर्यादा

येथे एक धोक्याची सूचना देणे अगत्याचे आहे. ‘स्वतःची मदत स्वतः करा’ हे वाक्य ऐकावयास गोड असते; पण त्याचा अर्थ ‘तुझे तू बघ’ असा व्हावयास वेळ लागत नाही. शासनाला डॉक्टर नेमावयाचे नसले, संस्थेला समुपदेशकाचा पगार द्यावयाचा नसला, मालकाला कामाचे तास कमी करावयाचे नसले, की स्वावलंबनाची व्याख्याने सुरू होतात. पाळी बारा तासांची ठेवून शनिवारी योगवर्ग भरविणे, हे त्याचेच उदाहरण होय. वही हे औषध नव्हे आणि डॉक्टरांचा पर्यायही नव्हे. चालू औषध वहीच्या भरवशावर बंद करणे घातक ठरेल.

पुरावाही हेच सांगतो. अमेरिकेतील ओहायो राज्यात ५१९ प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठ आठवड्यांच्या आराखडा-वर्गांनंतर रुग्णांची आशा वाढली आणि लक्षणेही कमी झाली. पण २०१९ मधील एका साकल्याच्या आढाव्याने असे दाखविले, की आपण सावरत आहोत ही भावना आराखड्याने वाढते; लक्षणे कमी होतातच, असे मात्र निश्चितपणे म्हणता येत नाही. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांची ‘सुरक्षा-योजना’ याहून छोटी, एका कागदाची. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ही योजना मिळालेल्यांत पुढील सहा महिन्यांत आत्मघाताचे वर्तन नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा ४५ टक्क्यांनी कमी आढळले. हा आकडा वारंवार सांगितला जातो. त्याबरोबर सांगितले जात नाही ते हे, की त्या कागदासोबत रुग्णालयातून पाठपुराव्याचे दूरध्वनीही केले जात होते. कोणी तरी विचारपूस करीत होते. केवळ कागदाने ४५ टक्के घडले असे मानणे म्हणजे अंदाजपत्रकातील आकडा वाचून पूल बांधला गेला असे समजणे होय.

योजना आणि तरतूद यांतील हा फरक अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच शिकविला जातो. तरतुदीवाचून योजना ही केवळ इच्छांची यादी असते. मुलीने वहीत पाच नावे लिहिली. त्यांपैकी एकानेही दूरध्वनी उचलला नाही, तर वहीचा दोष काय?

तरतूद कोणी करावी?

ही तरतूद करणे अशक्य कोटीतील नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावयाचा आहे, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावयाचे आहेत. शिक्षक व कर्मचारी यांचे वर्षातून दोनदा प्रशिक्षण व्हावे, असेही त्यात आहे. सूचनाफलकावर नाव लावून हे काम भागविता येणार नाही. समुपदेशकाला बसावयास दार लावता येणारी खोली हवी आणि तो विद्यार्थ्यांची भाषा बोलणारा हवा.

दुसरी गोष्ट कायद्याची. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक सज्ञान व्यक्तीला, आजारपणात आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत हे आगाऊ लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे वहीचे सहावे पान रीतसर केले तर त्याला कायद्याचे बळ मिळू शकते. हा कायदा २०१८ पासून लागू आहे. पण किती पदवीधरांना हा हक्क ठाऊक आहे? याच कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले आणि तिच्या उपचारांची जबाबदारी शासनावर टाकली. पोलिसांच्या भीतीने अशी घटना दडविणाऱ्या पालकांपर्यंत ही माहिती पोचविणे शिक्षकांचे आणि गावच्या कारभाऱ्यांचे काम आहे.

तिसरी गोष्ट अंतराची. मानसोपचारतज्ज्ञ औंधला बसण्याऐवजी आठवड्यातील ठरलेल्या दिवशी पौडच्या ग्रामीण रुग्णालयात येईल आणि औषधे तेथेच मिळतील, तर एका डॉक्टरच्या प्रवासाने शेकडो रुग्णांचे प्रवास वाचतील. लाभ-व्ययाचा याहून सोपा हिशेब नाही.

चौथी गोष्ट पैशाने होणारी नाही. महाविद्यालयातील कारकून हजेरीपटावरून सर्वांआधी ओळखू शकतो, की अमुक मुलगा तीन आठवडे आलेला नाही. आज त्यावर छापील नोटीस निघते. त्याऐवजी एक दूरध्वनी जावा. रागावणारा नव्हे, विचारपूस करणारा. शिक्षकाने समुपदेशक होण्याची आवश्यकता नाही. विद्यार्थी बोलू लागला तर उपदेश न करता ऐकावे आणि त्याला योग्य ठिकाणी पोचवावे, एवढे त्याला जमावयास हवे. विद्यार्थ्यांनी मित्राच्या वहीतील एक नाव होण्यास तयार असावे. आणि ते नाव होणे म्हणजे रात्री अकराला वाजलेला दूरध्वनी उचलणे, हे समजून तयार असावे. पालकांनी मुलीचा आजार स्थळासाठी दडविण्यापेक्षा तिच्या वहीतील चौथे पान समजून घ्यावे. दडविलेल्या आजाराची किंमत पुढे तिलाच चुकवावी लागते.

तरुणांना एवढेच सांगावेसे वाटते, की खचणे हा गुन्हा नाही आणि सावरणे हा चमत्कार नाही. सावरण्याची रीत असते, ती शिकता येते आणि लिहून ठेवता येते. जो आज बरा आहे त्याने आजच वही घ्यावी. आणि त्या वहीत ज्यांची नावे येण्याचा संभव आहे, अशा आपण सर्वांनी, म्हणजे शिक्षकांनी, कारकुनांनी, शेजाऱ्यांनी आणि शासनानेही, आपल्या नावापुढची जागा रिकामी राहणार नाही याची व्यवस्था करावी. तरुणाने योजना लिहावी. तरतूद मात्र समाजाचीच असली पाहिजे.